महापालिकेच्या कर्जरोख्याला तारण कशाचं? ठरावापासून परतफेडीपर्यंत शहराचं कर्ज कसं वाचायचं

मिळकतकराचं बिल आलं की आपण खालची रक्कम बघतो, सवलतीची शेवटची तारीख बघतो आणि कागद घडी करून ठेवतो. या वेळी तो टेबलावर पसरून एकेक ओळ वाचा. सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, अग्निशमन, वृक्षसंवर्धन, पाणीपट्टी, जलनिस्सारण लाभ कर. त्याच कागदावर राज्य सरकारचा शिक्षण कर असतो, आणि दुकान असेल तर रोजगार हमी कर. हे शेवटचे दोन महापालिका फक्त गोळा करते आणि सरकारजमा करते. बाकीच्या ओळी तिच्या स्वतःच्या. तुमच्या शहराने कर्जरोखे, म्हणजे गुंतवणूकदारांकडून ठरलेल्या व्याजाने आणि मुदतीने पैसे घेतल्याचे कागद, काढले असतील, तर बहुतेक वेळा या ओळींतलाच पैसा कर्ज देणाऱ्याच्या नावाने आधी बाजूला निघतो.

आमच्या सोसायटीच्या सभेत एकदा हा विषय निघाला. एक काका म्हणाले, "महापालिकेला जमलं नाही तर सरकार भरेल की." दुसऱ्यांचं म्हणणं, "मग काय, टाक्या आणि पाइप जप्त करणार का?" दोन्ही समज सर्रास आढळतात आणि दोन्ही चुकीचे आहेत. राज्य सरकारने लेखी हमी दिली नसेल तर ते एक रुपयाही देणं लागत नाही. जमिनीत पुरलेली जलवाहिनी उखडून कुणाला विकता येत नाही. तारण असतं ते दरवर्षी येणाऱ्या कराच्या ओघाचं. एवढं पक्कं डोक्यात ठेवलं की पुढचे सगळे कागद वाचता येतात. त्या कागदांच्या क्रमानेच पुढे जाऊ.

पायरी १: कर्ज कशासाठी, ते आधी तपासा

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ महापालिकेला कर्ज काढायची मुभा देतो, पण राज्य सरकारच्या मंजुरीने आणि टिकाऊ कामासाठी किंवा जुनं कर्ज फेडण्यासाठी. पाणीयोजना, मलनिस्सारण प्रकल्प, पूल ही टिकाऊ कामं. पगार, दिवाबत्तीचं बिल, खड्डे बुजवणं यांसाठी कर्ज काढणं म्हणजे किराणा हप्त्याने आणण्यासारखं आहे. साधी कसोटी अशी की कर्ज फिटेपर्यंत काम टिकलं पाहिजे. १० वर्षांच्या कर्जातून ४ वर्षांत उखडणारा डांबरी थर टाकला, तर उरलेली ६ वर्षं लोक नसलेल्या रस्त्याचे पैसे भरत राहतात.

दुसरं बघायचं ते स्वहिस्सा. केंद्र आणि राज्याच्या योजनांत ठरावीक वाटा शहराने उचलायचा असतो, आणि पुष्कळदा कर्ज निघतं ते नेमकं या वाट्यासाठी. छोट्या नगरपरिषदा त्यासाठी हुडकोसारख्या, म्हणजे घरबांधणी आणि नागरी कामांना कर्ज देणाऱ्या सरकारी संस्थेकडे किंवा बँकेकडे जातात. मोठ्या महापालिका शेअर बाजारात रोखे आणू शकतात. कागद वेगळे असले तरी दोन्हीकडे प्रश्न तेच.

पायरी २: हप्ता झेपेल का, ते स्वतः मोजा

यासाठी अंदाजपत्रकाचं पुस्तक लागतं. ते महापालिकेच्या संकेतस्थळावर असतं. जमेच्या बाजूला साधारण तीन रकाने दिसतील: मागच्या वर्षाची प्रत्यक्ष जमा, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. पहिल्या रकान्यावर बोट ठेवा आणि बाकीचे दोन सध्या झाका. अंदाज म्हणजे इच्छा. प्रत्यक्ष जमा म्हणजे तिजोरीत आलेला पैसा.

आता समजा, एका मध्यम शहराची वर्षाची प्रत्यक्ष महसुली जमा ६०० कोटी रुपये आहे. यात मिळकतकर, पाणीपट्टी, बांधकाम परवानगीचं शुल्क आणि जीएसटीपोटी राज्याकडून येणारं अनुदान सगळं आलं. पगार, निवृत्तिवेतन, वीज, कचरा आणि देखभालीचे ठेके मिळून ५१० कोटी जातात. उरले ९०. जुन्या कर्जांचे हप्ते २५ कोटी. हातात ६५ कोटी.

या शहराला २०० कोटींचं कर्ज ७.५९ टक्क्यांनी १० वर्षांसाठी हवंय, आणि मुद्दल शेवटी एकरकमी द्यायचंय. वर्षाचं व्याज १५ कोटी १८ लाख. १० वर्षांनी २०० कोटी हातात असावेत म्हणून दरवर्षी काही रक्कम बाजूला टाकावी लागेल. त्या ठेवीवर साडेसहा टक्के मिळतील असं धरलं, तर ही रक्कम सुमारे १४ कोटी ८२ लाख होते. दोन्ही मिळून वर्षाला ३० कोटी. हातातल्या ६५ कोटींना ३० ने भागा: दोन पटींपेक्षा थोडं जास्त. बरं आहे. पण निवडणुकीच्या तोंडावर कुणी करमाफी जाहीर केली किंवा वसुली ढिली पडली आणि ३० कोटी कमी आले, तर हातात उरतात ३५. म्हणजे पट १.१७. आता एक वाईट पावसाळा आणि शहर अडचणीत.

हा हिशेब आठवी-नववीच्या गणिताचा आहे. तो कर्ज काढण्याआधी सभागृहात मोठ्याने वाचला जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याच पायरीवर आणखी दोन आकडे शोधा. एक, मिळकतकराची मागणी आणि वसुली. १०० रुपयांची बिलं काढून ६० वसूल होत असतील, तर राहिलेले ४० 'थकबाकी' या नावाने वर्षानुवर्षं कागदावर फुगत राहतात, पण त्यातून हप्ता जात नाही. शास्ती, म्हणजे थकबाकीवरचा दंड, माफ करणाऱ्या अभय योजना वरचेवर निघत असतील, तर वेळेवर भरणाराही हळूहळू थांबायला शिकतो. कर्ज देणारा हे सगळं बघतो. दोन, मंजूर कामांचं दायित्व: कार्यादेश देऊन झालेत पण बिलं भागवायची आहेत अशी रक्कम. वरवर शिल्लक दिसणाऱ्या अंदाजपत्रकाचा खरा चेहरा पुष्कळदा इथे दिसतो.

पायरी ३: ठराव आणि सरकारची मंजुरी

कर्जाचा प्रस्ताव आयुक्तांकडून स्थायी समितीत आणि तिथून सर्वसाधारण सभेत जातो. नंतर राज्याच्या नगरविकास विभागाची मंजुरी लागते. स्थानिक संस्थांनी आपल्या मर्जीने कर्ज काढू नये हा दंडक ब्रिटिशकाळापासूनचा आहे. १९१४ चा स्थानिक प्राधिकरण कर्ज कायदा त्याच विचारातून आला.

ठरावात चार गोष्टी शब्दांत लिहिलेल्या असाव्यात: रक्कम, काम, मुदत आणि कुठला महसूल बांधून देणार. 'आवश्यकतेनुसार महसूल' असं मोघम लिहिलं असेल तर तिथेच हरकत घ्या. महापालिकेवर प्रशासक असेल तर जास्तच जागं राहावं लागतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर प्रशासक आले. पिंपरी-चिंचवडने २०२३ मध्ये २०० कोटींचे रोखे काढले ते याच काळात. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच अधिकारी असला की सभेत होणारी उलटतपासणी होत नाही, ती नागरिकांनाच करावी लागते.

पायरी ४: हमी कशी बांधतात

सगळ्या प्रकरणाचा जीव इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

बंगळूरने १९९७ मध्ये १२५ कोटींचे रोखे काढले तेव्हा कर्नाटक सरकार हमीदार होतं. राज्य मागे उभं राहिलं की गुंतवणूकदार निर्धास्त होतो. यात तोटाही आहे. हप्ता चुकला तर दुसरा कुणीतरी भरेल हे माहीत असलेलं शहर वसुलीसाठी घाम गाळत नाही. शिवाय राज्याच्या डोक्यावर हे संभाव्य देणं बसतं, आणि अशा हमीसाठी राज्य शुल्कही घेतं.

अहमदाबादने १९९८ मध्ये वेगळा मार्ग धरला. १०० कोटींचे रोखे, १४ टक्के व्याज, आणि राज्याची हमी नाही. त्याऐवजी शहराने आपल्या दहा जकात नाक्यांवरची, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरच्या कराची, वसुली वेगळ्या खात्यात बांधून दिली. नाशिकने १९९९ मध्ये १०० कोटी असेच उभे केले, तेही जकातीच्या जोरावर. नागपूरने २००१ मध्ये ५० कोटींसाठी मिळकतकर आणि पाणीपट्टी पुढे केली.

अशा खात्याला एस्क्रो खातं म्हणतात. ते चालतं कसं, ते बघा. नागरी सुविधा केंद्रात तुम्ही कराचा धनादेश देता किंवा मोबाइलवरून पैसे भरता. ती रक्कम थेट महापालिकेच्या रोजच्या खर्चाच्या खात्यात न जाता आधी एस्क्रो खात्यात पडते. बँकेला लेखी सूचना असते: सहामाही व्याजाचा एक षष्ठांश दर महिन्याला व्याजाच्या खात्यात टाका, त्यानंतर मुद्दलासाठीच्या सिंकिंग फंडात, म्हणजे कर्जफेड निधीत, ठरलेली रक्कम टाका, आणि हे दोन्ही भरल्यावर जे उरेल ते महापालिकेला सोडा. आयुक्त बदलले, सत्ता बदलली, ठेकेदार दारात येऊन बसला, तरी हा क्रम बदलत नाही. वर एक राखीव निधी असतो, एखाद्या सहामाहीत तूट आली तर वापरायला. आणि रोखेधारकांच्या वतीने एक विश्वस्त संस्था या खात्यांवर नजर ठेवते.

म्हणजे गुंतवणूकदाराला हमी मिळते ती रांगेत पहिला नंबर असल्याची. त्याची दुसरी बाजू नागरिकाने समजून घ्यावी: वसुली कमी आली तर आधी व्याज जाईल, आणि कात्री बागेला, दवाखान्याला, गल्लीतल्या दिव्याला लागेल. म्हणून मी सुरुवातीला बिलाच्या ओळी वाचायला सांगितल्या.

तारण म्हणून कुठला महसूल दिलाय, हे बघताना तो टिकणारा आहे का, हेही बघा. नव्वदीत जकात हा सर्वांत भक्कम पैसा मानला जायचा, रोज सकाळी नाक्यावर रोख जमा. महाराष्ट्रात तिची जागा एलबीटीने, म्हणजे स्थानिक संस्था कराने घेतली, १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटीही गेला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर मुंबईतली उरलेली जकातही संपली. आज शहरांना त्यापोटी राज्याकडून अनुदान मिळतं. ते वेळेवर येतं तोवर ठीक, पण तो पैसा शहराच्या हातातला नाही. बांधकाम परवानगीचं शुल्क तेजीत भरभरून येतं आणि मंदीत आटतं. माझ्या मते मिळकतकर आणि पाणीपट्टी हीच खरी तारणाची खाती.

आता लहान गावांचं काय? २५-५० हजार वस्तीच्या नगरपालिकेला एकटीने रोखे काढणं परवडत नाही. पतमानांकन (कर्ज फेडण्याच्या क्षमतेला दिलेली श्रेणी), वकील, विश्वस्त यांचाच खर्च डोईजड होतो. तमिळनाडूने यावर २००२ मध्ये फार विचारपूर्वक तोडगा काढला. तेरा छोट्या शहरांची पाण्याची आणि सांडपाण्याची गरज एकत्र करून एका निधीमार्फत ३० कोटी ४१ लाखांचे रोखे काढले, १५ वर्षांचे, ९.२० टक्क्यांनी. हमीचे थर एकावर एक रचले: आधी प्रत्येक गावाचं एस्क्रो खातं, मग राखीव निधी, मग राज्य वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार त्या गावाला मिळणाऱ्या अनुदानातून परस्पर वळती करण्याची मुभा, आणि शेवटी यूएसएड या अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत संस्थेची मुद्दलाच्या निम्म्या रकमेपुरती हमी. एकेकटं गाव उभं राहिलं असतं तर त्याला हा दर मिळालाच नसता. आपल्याकडच्या नगरपरिषदांनी हे उदाहरण मुळातून अभ्यासावं असं मला फार वाटतं.

पायरी ५: ज्याला फायदा, त्याने किती भरायचं?

रुंद रस्ता झाला की त्यालगतच्या जमिनीचे भाव वाढतात. तो वाढावा काही अंशी शहराने परत घ्यावा, हा विचार आपल्याकडे १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून आहे. नगररचना योजनेत जमिनीची फेरमांडणी होते आणि वाढलेल्या किमतीचा काही भाग मालकाकडून वर्गणी म्हणून घेतला जातो.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात हीच गोष्ट थेट कर्जाशी जोडलेली आहे. पदपथ, गटार, रस्ता अशा स्थानिक सुधारणेचं लाभक्षेत्र आखतात, त्यातल्या प्रत्येक मिळकतीवर तिला होणाऱ्या फायद्याप्रमाणे आकारणी बसवतात आणि त्या आकारणीच्या जोरावर रोखे काढतात. आकारणीचा बोजा मिळकतीवर राहतो. काही मालकांनी थकवलं तर रोखेधारकांचं नुकसान होऊ नये म्हणून शहर एक हमी निधी बाळगतं. त्यातून तूट भरायची आणि थकबाकी वसूल झाली की पैसे परत निधीत टाकायचे. सगळ्या शहराने एका गल्लीचं कर्ज फेडायचं, की गल्लीने आपलं आपण, या वादावर हा मध्यम मार्ग मला पटतो. मात्र गरीब वस्तीत तो लावू नये. तिथे सुधारणा सगळ्यांच्या खर्चानेच व्हायला हवी.

पायरी ६: पतमानांकन आणि बाजार

सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, २०१५ मध्ये महापालिकांच्या रोख्यांसाठी नियम केले. द्विनोंदी पद्धतीचे (प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन बाजूंनी लिहिलेले) हिशेब, मागच्या वर्षभरात कर्जात कसूर नसणं, अशा अटी त्यात आहेत. पतमानांकन संस्थेचा अहवाल इंटरनेटवर मोफत मिळतो. त्यातली अक्षरं बघून थांबू नका. खाली 'कमकुवत बाजू' असा भाग असतो, तो दोनदा वाचा. महापालिकेच्या पत्रकात जे नसतं ते तिथे असतं.

पुण्याने २२ जून २०१७ ला मुंबई शेअर बाजारात २०० कोटींचे रोखे नोंदवले, समान पाणीपुरवठा योजनेसाठी. दर ७.५९ टक्के, मुदत १० वर्षं. वरच्या हिशेबात मी हेच आकडे घेतले. एकूण विचार २,२६४ कोटी टप्प्याटप्प्याने उभे करण्याचा होता. त्यानंतर बऱ्याच शहरांचा आकडा २०० कोटीच दिसतो. याचं एक मोठं कारण केंद्राचं प्रोत्साहन: दर १०० कोटींच्या रोख्यांमागे १३ कोटी, कमाल २०० कोटींपर्यंत, म्हणजे २६ कोटी. तेव्हा २०० हा आकडा दिसला की विचारा, प्रकल्पाची गरज २०० ची आहे की अनुदानाची मर्यादा २०० ची?

हे बहुतेक रोखे बँका, विमा कंपन्या, फंड घेतात. इंदूरने २०२३ मध्ये मात्र सामान्य माणसाला दार उघडलं. जलूद इथे ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा, म्हणजे नर्मदेचं पाणी शहरात आणायला लागणाऱ्या विजेचं बिल कमी होईल. २४४ कोटी, ८.२५ टक्के, किमान गुंतवणूक १० हजार रुपये, आणि परतफेड ३, ५, ७ आणि ९ वर्षांच्या चार भागांत. मुद्दल असं विभागून फेडणं मला जास्त आवडतं. १० वर्षांनी एकदम डोंगर चढायचा राहत नाही.

पायरी ७: पैसे आले, काम कुठे आहे?

कर्ज उभं राहिल्याच्या दिवसापासून व्याज सुरू होतं, मग खोदाई सुरू असो वा नसो. पुण्याच्या २०० कोटींवर हे व्याज दिवसाला सुमारे ४ लाख १६ हजार रुपये होतं. रोखे जूनमध्ये निघाले आणि जलवाहिन्यांच्या निविदा त्याच वर्षी रद्द करून नव्याने काढाव्या लागल्या. यातून मिळणारा धडा अगदी व्यवहाराचा आहे: निविदा, जागेचा ताबा, रेल्वे आणि महामार्गाच्या परवानग्या हातात आल्यावरच बाजारात जावं. घराचं कर्ज आपण करारनामा झाल्यावर उचलतो, प्लॉट बघायला जाताना नाही.

रोख्यांची शेअर बाजारात नोंद असेल तर सहामाही निकाल आणि निधीच्या वापराची माहिती बाजाराच्या संकेतस्थळावर टाकावी लागते. पण हुडको किंवा बँकेकडून घेतलेल्या कर्जाचं तसं नसतं. तिथे माहितीचा अधिकार वापरायचा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. अर्ज मुख्य लेखा व वित्त अधिकारी कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने करा. 'का' असं विचारू नका, कागद मागा. मी साधारण असं लिहितो:

"कर्ज क्रमांक अमुक संदर्भात पुढील कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात: (१) कर्जमंजुरीचा सर्वसाधारण सभेचा ठराव आणि शासनाचं मंजुरीपत्र, (२) एस्क्रो करारनामा, त्यात बांधून दिलेल्या महसुलाच्या यादीसह, (३) मागील २४ महिन्यांत एस्क्रो खात्यात जमा झालेली, व्याज व सिंकिंग फंडाकडे वर्ग झालेली आणि महापालिकेस सोडलेली रक्कम, महिनावार, (४) सिंकिंग फंडाची आजची शिल्लक आणि ती कोणत्या बँकेत, किती मुदतीने ठेवली आहे, (५) कर्जाच्या रकमेतून आजवर दिलेली कामाची देयके."

तिसऱ्या आणि चौथ्या मुद्द्याचं उत्तर शेजारी शेजारी ठेवा. वरच्या गणिताने दरवर्षी जेवढं बाजूला पडायला हवं तेवढं पडलंय का, ते पाच मिनिटांत कळतं. पुण्याच्या त्या पहिल्या रोख्यांची १० वर्षं जून २०२७ मध्ये भरतात. पुण्यात राहत असाल, तर सुरुवात त्यांच्यापासूनच करता येईल.